*माल एक, विक्रीची ठिकाणं चार : हिशोब मात्र एकाच जागी* 🥭



आजचा मेसेज फवारणीचा नाही, विक्रीचा आहे. थोडा मोठा आहे, म्हणून रात्री जेवल्यावर निवांत वाचा. घरात ऑर्डरीचा फोन ज्यांच्या हातात असतो, त्या वहिनींना किंवा मुलांनाही वाचून दाखवा. अक्षय तृतीया जवळ आली आहे आणि गेल्या वर्षीची चूक यंदा परत करायची नाही.

*गेल्या हंगामात काय झालं?*

बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, म्हणून पूर्ण सांगतो. अक्षय तृतीयेसाठी आपल्या पॅकहाऊसमध्ये १ नंबरचा ३०० डझन हापूस आढीत होता. ऑर्डरी चार ठिकाणांहून येत होत्या :

▪️ आपली वेबसाइट : १२८ डझन
▪️ एक ऑनलाइन बाजार : ६४ डझन
▪️ व्हॉट्सॲप : ९६ डझन
▪️ पुण्यातल्या सोसायट्या : ६० डझन

एकूण ३४८ डझन. आणि हातात? ३०० मधले १९ डझन आढीत खराब निघाले. १४ डझन सभासदांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना परस्पर दिले होते, ते वहीत वजा झालेच नव्हते. उरले २६७. म्हणजे *८१ डझन आंबा नसताना विकला गेला.* पैसेही घेऊन झाले होते.

चूक माझी होती. चारही ठिकाणचे आकडे मी दिवसातून एकदा, रात्री बसून बदलत होतो. दिवसभर प्रत्येक ठिकाणी कालचाच आकडा दिसत होता.

त्या रात्री एका व्यापाऱ्याचा फोन आला. “८० डझन देतो, दिसायला हापूसच. तुमच्या बॉक्समध्ये भरा, कोणाला कळणार आहे?” संचालकांनी जागच्या जागी नाही म्हटलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाखाली बाहेरचा आंबा भरला, तर ती फसवणूकच. मग मी ५२ गिऱ्हाइकांना फोन केले. ३१ जण पुढच्या तारखेला तयार झाले, १७ जणांना पैसे परत केले, चौघांनी फोनच उचलला नाही. एक आजी म्हणाल्या, “देवापुढे ठेवायला मागवला होता रे बाळा, आता मी बाजारातून कुठला आणू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑनलाइन बाजाराने नियमाप्रमाणे आपला माल काही दिवस दाखवणं बंद केलं. नेमक्या त्याच दिवसांत मे महिन्याचा भरपूर माल आला आणि तो रात्रीच्या गाडीने वाशीला, मिळेल त्या भावात गेला. नुकसान ८१ डझनांपुरतं राहिलं नाही. ज्यांचा त्या गोंधळाशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही पेट्यांना भाव कमी मिळाला.

*असं का होतं?*

टाकी एक आणि नळ चार, असं समजा. प्रत्येक नळाला वाटतं की टाकी भरलेली आहे. एका नळाने पाणी काढलं की बाकीच्या तिघांना ते कळायला हवं. कळत नाही, त्याची चार कारणं आहेत.

*१) एकच आंबा दोन बॉक्समध्ये मोजला जातो.* समजा ४० डझन आंबा आहे. वेबसाइटवर १ डझनचे ४० बॉक्स लावले आणि २ डझनचे २० बॉक्सही लावले. तर वेबसाइटच्या हिशोबाने माल ८० डझन झाला! म्हणून मोजणी बॉक्समध्ये करायची नाही. *मोजणी डझनात, प्रतवारीनुसार.* बॉक्स कोणताही जावो, वजा डझन होतात.

*२) आजचा आंबा आज विकायचा नसतो.* उतरवलेला आंबा आढीत तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, उन्हाळा वाढला की त्याहून कमी. आज पॅकहाऊसमध्ये ३०० डझन दिसतात, पण शुक्रवारी द्यायला तयार त्यातले १२०च असतील. म्हणून प्रत्येक आढीला *तयार तारीख* लागते. शुक्रवारची ऑर्डर शुक्रवारच्या आढीतूनच वजा होणार.

*३) खराबी आधी धरली जात नाही.* देठाकडची कूज, डाग, दाबलेलं फळ हे आढी उघडल्यावर कळतं. साका तर बाहेरून दिसतही नाही.

*४) बातमी उशिरा पोचते.* एका ठिकाणी ऑर्डर आली की बाकी ठिकाणचा आकडा कमी करणारं सॉफ्टवेअर मिळतं, यंदा आपणही ते घेतलं आहे. पण काही ठिकाणी आकडा लगेच बदलतो, काही ठिकाणी थोड्या थोड्या वेळाने. संध्याकाळी वारा सुटला, लाइट गेली, नेट गेलं की आकडा आहे तिथेच थांबतो. गिऱ्हाईक थांबत नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर सॉफ्टवेअरला दिसत नाही, ती माणसानेच लिहावी लागते.

ओएनडीसीबद्दल बरेच जण विचारतात. तिथे माल आपण एकाच विक्रेता-ॲपवर लावतो आणि तो खरेदीच्या अनेक ॲपवर दिसतो. त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्याही ॲपवरून आलं, तरी आपल्या हिशोबात ओएनडीसी हे *एकच* ठिकाण. दोन ॲपवर दिसतोय म्हणून कोणी माल दोनदा लिहू नका.

*यंदाचा हिशोब : विकण्याजोगा आकडा*

रोज एकच आकडा काढायचा :

*आढीतला माल − खराबीची राखीव − घेतलेल्या ऑर्डरी = विकण्याजोगा माल*

उदाहरण घेऊ. शुक्रवारी तयार होणारा १ नंबर आंबा २०० डझन.

▪️ खराबीसाठी १० टक्के बाजूला : २०. उरले १८०.
▪️ वेबसाइट ४५, व्हॉट्सॲप ५०, ओएनडीसी १२, सोसायट्या ४० : एकूण १४७.
▪️ विकण्याजोगा माल : *३३ डझन.*

हा ३३ चा आकडा सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. तो आणखी खाली आला, ३० किंवा त्याहून कमी झाला, की *बाकी सगळी ठिकाणं बंद आणि फक्त वेबसाइट चालू.* शेवटच्या थोड्या मालावरच जास्त ओढाताण होते. तो एकाच ठिकाणी ठेवला, तर दोघांना एकच बॉक्स विकला जात नाही.

आढी उघडल्यावर खराबी कमी निघाली, तर राखीव डझन परत आकड्यात घालू. ते विकायला एक दिवससुद्धा लागत नाही. जास्तीचा आंबा विकणं सोपं आहे, नसलेला आंबा पुरवणं अशक्य.

*आपण काय करायचं?*

*१) आढी घातली की त्याच दिवशी मेसेज.* असा :
_क्र. ११४ – आढी – १ नंबर – २४ डझन – १२ एप्रिल_
सभासद क्रमांक, प्रतवारी, डझन, आढीची तारीख. एवढंच, फोटो नको. तयार तारीख आम्ही आढी बघून लावू.

*२) परस्पर विकलात तर लगेच मेसेज.* असा :
_क्र. ११४ – वजा – १ नंबर – ३ डझन_
माल तुमचा आहे, रस्त्यावरच्या गाडीला दिलात किंवा पाहुण्यांना दिलात तरी कोणाची ना नाही. फक्त कळवा. नेट नसेल तर साधा एसएमएस करा किंवा पॅकहाऊसला फोन लावा. “संध्याकाळी सांगतो” असं ठेवू नका, गेल्या वर्षीचे १४ डझन तसेच राहिले होते.

*३) आधी वजा, मग “हो”.* व्हॉट्सॲपवर कोणी ऑर्डर मागितली की आधी स्टॉकची शीट उघडा, पॅकहाऊसला कळवा, वजा झालं की मगच गिऱ्हाइकाला “हो” म्हणा. शीटची लिंक सगळ्यांकडे आहे. बघायची सगळ्यांना, बदलायची फक्त पॅकहाऊसच्या दोघांनी. एका शीटमध्ये दहा हात घुसले की तीसुद्धा वहीसारखीच होते.

*४) पैसे आले नाहीत तर माल दोन तासच धरायचा.* “ठेवा माझ्यासाठी” म्हणणारे खूप असतात. दोन तासांत यूपीआयने पैसे आले नाहीत, तर डझन परत आकड्यात. हे गिऱ्हाइकाला आधीच गोड शब्दांत सांगा.

*५) झाडावरचा आंबा वेगळा.* अजून न उतरवलेल्या फळाची ऑर्डर ही *पूर्वनोंदणी*. ती विकण्याजोग्या मालात येत नाही. अंदाजाच्या निम्म्यापेक्षा जास्त पूर्वनोंदणी घेऊ नका आणि तारीख पक्की सांगू नका, “आठवडा” सांगा. अवकाळी पाऊस एका रात्रीत अंदाज बदलतो.

*६) ज्यांचं स्वतःचं इन्स्टाग्राम किंवा वेबसाइट आहे त्यांच्यासाठी.* तुमचा जो माल कंपनीच्या शीटवर आहे तो स्वतःच्या पानावर लावू नका. आधी ठरवून वाटणी करा : इतके डझन कंपनीकडे, इतके माझ्याकडे. दोन्हीकडे एकच माल ठेवायचा नाही. आणि स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमध्ये *स्टॉक संपल्यावरही ऑर्डर घेणारा* पर्याय चालू आहे का ते आजच बघा. चालू असेल तर बंद करा, नाहीतर आकडा शून्य झाला तरी ऑर्डर येतच राहतील.

*रद्द झालेली ऑर्डर*

ऑर्डर रद्द झाली की डझन आपोआप परत आकड्यात घालू नका. आधी तयार तारीख बघा. आंबा अजून कडक असेल तर परत घ्या. पूर्ण पिकला असेल तर तो ऑनलाइन नको, कारण वाटेतच खराब होईल. तो जवळच्या गिऱ्हाइकाला किंवा रस काढणाऱ्याला. घरी पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धतही यंदा बंद आहे. गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलेला आंबा दोन दिवसांनी आपल्याकडे येतो, तो विकण्याजोगा राहत नाही.

*तरीही जास्त विकला गेलाच, तर?*

▪️ लपवायचं नाही. कळल्याबरोबर पॅकहाऊसला फोन.
▪️ गाडी निघायच्या *आधी* गिऱ्हाइकाला फोन. मेसेज नाही, फोन.
▪️ दोनच पर्याय द्यायचे : पुढची तारीख किंवा पूर्ण पैसे परत, त्याच दिवशी.
▪️ १ नंबरच्या जागी गुपचूप २ नंबर भरायचा नाही. बाहेरचा आंबा तर नाहीच नाही.
▪️ आधी पैसे दिलेल्याला आधी माल. ओळखीचा म्हणून कोणाला पुढे नाही.

ऑनलाइन बाजारात विक्रेत्याने स्वतः ऑर्डर रद्द करणं महागात पडतं. उदाहरणार्थ, ॲमेझॉनवर पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. म्हणजे २०० ऑर्डरींत ५ रद्द केल्या की आपण मर्यादेवर पोचलो. “कॅन्सल करून टाकू” हे आपल्याला परवडत नाही.

*एक गणित सोडवा* ✏️

शनिवारी तयार होणारा १ नंबर आंबा १५० डझन. राखीव १० टक्के. वेबसाइटवर १ डझनचे ३० बॉक्स आणि २ डझनचे २० बॉक्स गेले. व्हॉट्सॲपवर पैसे आलेले २५ डझन. आणखी १० डझनांना “हो” म्हणून एक तास झाला, पैसे अजून नाहीत. विकण्याजोगा माल किती? आणि कोणती ठिकाणं चालू ठेवायची?

उत्तर सगळ्यात खाली आहे, आधी स्वतः करा.

*या आठवड्याचं काम*

✅ आढी घातलेल्या सगळ्यांनी उद्या सकाळी ८ च्या आत पहिला मेसेज पाठवा.
✅ स्टॉकची शीट एकदा उघडून आपला क्रमांक आणि डझन बरोबर आहेत का बघा.
✅ शीट उघडत नसेल तर शनिवारी ४ वाजता फोन घेऊन पॅकहाऊसला या, शेजारी बसून दाखवतो.

ज्या आजींना गेल्या वर्षी आंबा देता आला नाही, त्यांचा नंबर मी ठेवला आहे. यंदा पहिल्या आढीतला एक डझन त्यांचा. तो मी आधीच वजा केला आहे, मग फोन केला. 🙂

वाचून झालं की आपला सभासद क्रमांक आणि “समजलं” एवढं उत्तर पाठवा. शंका असेल तर संध्याकाळी ६ नंतर फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार

*उत्तर :* १५० − १५ − ३० − ४० − २५ − १० = *३० डझन.* पैसे न आलेले १० डझनही दोन तास होईपर्यंत धरलेले, म्हणून ते वजा. आकडा ३० वर आला, म्हणून फक्त वेबसाइट चालू, बाकी सगळी ठिकाणं बंद. एका तासानंतरही ते पैसे आले नाहीत, तर आकडा ४० होईल आणि बाकीची ठिकाणं परत उघडता येतील.