आपली राजधानी : गांधीनगर

राज्याची राजधानी कोणती, असे वर्गात विचारताच आमच्यापैकी कोणी ‘मुंबई’ म्हणतो, कोणी ‘सुरत’. पहिले उत्तर घरची भाषा सुचविते, दुसरे डोळ्यांपुढील गर्दी. दोन्ही चुकीची आहेत. आपण कोसाडचे रहिवासी. आपली राजधानी गांधीनगर होय.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. मुंबई महाराष्ट्राकडे राहिली. गुजरातचा कारभार आरंभी अहमदाबादेहून चाले. पुढे अहमदाबादेच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर, साबरमतीच्या पश्चिम तीरी, नवे नगर वसविण्यात आले व १९७० साली राजधानी तेथे गेली. महात्मा गांधींचे नाव त्यास देण्यात आले.

नगराची आखणी एच. के. मेवाडा व प्रकाश आपटे यांनी केली. त्याचे ३० विभाग असून त्यांस ‘सेक्टर’ म्हणतात. प्रत्येक विभाग सुमारे एक किलोमीटर लांब व पाऊण किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे मुलांना शाळेत पायी जाता येते. नदीस समांतर जाणाऱ्या रस्त्यांस क, ख, ग, घ, च, छ, ज ही अक्षरे व त्यांस छेदणाऱ्या रस्त्यांस अंक दिले आहेत. ‘घ-४’ म्हटले की चौक नेमका सापडतो. ज्यास मुळाक्षरे येतात, तो या नगरात सहसा वाट चुकणार नाही!

नगर दीड लाख वस्तीसाठी योजिले होते. २०११ च्या जनगणनेत तेथे दोन लाखांहून अधिक, तर सुरतेत ४४ लाखांहून अधिक लोक होते. मग एवढे लहान नगर राजधानी कसे? राजधानीचा मान लोकसंख्येवर ठरत नाही. १८२ सदस्यांची विधानसभा व सचिवालय तेथे आहे, म्हणून ती राजधानी. उच्च न्यायालय मात्र अहमदाबादेसच आहे.

आपल्या शाळांविषयीचे, घरांविषयीचे व पाण्याविषयीचे अनेक निर्णय त्या सचिवालयात होतात. आपले वडीलधारे मतदान करून ज्यास आमदार निवडतात, तो तेथेच जाऊन बसतो. म्हणून मराठी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही गांधीनगर परके नाही. खानदेशातून येणारी तापी सुरतेस येऊन परकी होते काय? घरची भाषा जपावी आणि राहत्या राज्याची राजधानीही ओळखावी, हेच आम्हांस उचित वाटते.