ग्रंथातील वाटाड्या

मुलांनो, 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील एका कामगाराचा मुलगा आमच्या शाळेत होता. पेनिसिलिन कशापासून होते, हे शोधण्यासाठी त्याने एक जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून वाचावयास घेतला. घंटा झाली, तेव्हा तो खिन्नपणे म्हणाला, "गुरुजी, या ग्रंथात ते नाहीच!"

मी ग्रंथाच्या अखेरची सूची उघडली. तीत शब्द वर्णानुक्रमाने असतात. 'पि'नंतर 'पे', तेथे 'पेनिसिलिन' आणि पुढे पृष्ठांक! त्या पानावर 'बुरशीपासून औषध' हे उपशीर्षक होते आणि बुरशीचे चित्रही होते. चित्राखालील ओळीत लिहिले होते, की 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी या बुरशीचा गुण ओळखला. मुलाचा चेहरा उजळला.

अनुक्रमणिका प्रकरणे सांगते. सूची हवा तो शब्द दाखविते. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा तर एक संपूर्ण विभाग सूचीचाच आहे. म्हणून सूची पाहिल्यावाचून 'ग्रंथात नाही' असे कधीही म्हणू नये.

स्वाध्याय : बुरशी, पेनिसिलिन, पिंपरी हे शब्द सूचीत कोणत्या क्रमाने येतील?