ट्रेडिंगसाठी कुठली लँग्वेज?

मराठीत पहिल्यांदाच लिहितेय. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

"ट्रेडिंगमध्ये जायचं तर सी प्लस प्लस शिकू की पायथॉन?" हा प्रश्न आमच्या विंगमध्ये रात्री मॅगीबरोबर रोज शिजतो. माझं मत असं, की आधी काम ठरवा.

ऑर्डर एक्स्चेंजला सगळ्यांच्या आधी पोचवायची असेल, तर हिशोब मायक्रोसेकंदांचा असतो. तिथे सी प्लस प्लस, कारण मेमरी आपल्या हातात राहते. जावाचा गार्बेज कलेक्टर मध्येच प्रोग्रॅम थांबवू शकतो, आणि भाव नेमका तेव्हाच हलला तर? न्यूयॉर्कची जेन स्ट्रीट कंपनी ओकॅमल वापरते खरी, पण नव्या माणसांना ती स्वतःच शिकवते. त्यासाठी आत्ता जीव काढू नका.

कल्पना तपासायला मात्र पायथॉन. त्यातली पांडाज लायब्ररी वेस मॅककिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करतानाच लिहायला घेतली.

आता माझी फजिती. एका बँकेच्या शेअरचा जुना डेटा घेतला. बंद भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की खरेदी, खाली आला की विक्री. नफा इतका दिसला, की पुढच्या सेमिस्टरच्या फीचे पैसे त्यात घालायचं मी मनात पक्कं केलं. बाबांना सांगणार नव्हते! फायनलच्या ताईने कोड बघितला आणि विचारलं, "अगं, बंद भाव साडेतीननंतर कळतो. मग त्याच दिवशी सव्वानऊला तू खरेदी केलीस कशी?"

कॉलम एक दिवस पुढे सरकवायचा राहिला होता. तो सरकवला, ब्रोकरेज आणि टॅक्स वजा केला, तर चक्क तोटा. ही चूक कुठलाच कंपायलर पकडत नाही.

मोठ्यांचंही असं होतं. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने आठपैकी एका सर्व्हरवर नवं कोड टाकलंच नाही. तिथलं जुनं, बंद पडलेलं कोड जागं झालं आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. यात लँग्वेजचा काय दोष?

मी सध्या पायथॉन, एसक्यूएल आणि एम-थ्रीमधली प्रोबॅबिलिटी (हो, तीच) करतेय. सी प्लस प्लस सुट्टीत. फी वेळेवर भरली. तो डेटा अजून माझ्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या.