तांबडीच्या राज्यात नवी तलंग

पाचोऱ्यात परसात पाच-सात कोंबड्या पाळणारी घरं पुष्कळ. आमचंही त्यातलंच. एका दिवसाची पिल्लं आणून वाढवण्यात फारसं काही अवघड नाही. खरा वैताग होतो तो वाढलेली कोंबडी आणून जुन्यांत मिसळताना. शेजारच्या आजींचं यावर एकच म्हणणं असतं, "नवी शे ना ती, मार तं खाईच." मार चुकत नाही हे मलाही मान्य आहे. पण किती बसायचा, हे पुष्कळसं आपल्या हातात असतं.

१. बाजारात कोंबडी हातात घेऊन बघा.

विकणारा पाय बांधून, उलटी लटकवून दाखवतो. तशी बघून रंगापलीकडे काही कळत नाही. सरळ धरा, डोळे बघा, नाकपुड्या दाबून पाणी येतं का बघा. पंखाखालची आणि शेपटीखालची पिसं फुंकर मारून उघडा. पिसाच्या मुळाशी पांढरे गठ्ठे दिसले तर त्या उवांच्या लिखा. मागची पिसं हगवणीने चिकटलेली असतील तर ती कोंबडी तिथेच सोडा, मग भाव कितीही पाडून देवो. "अंड्यावर आहे" हे तर प्रत्येक जण सांगतो. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर बोलणं खरं. जेमतेम एकच मावलं तर एक तर अजून अंड्यावर न आलेली तलंग आहे किंवा अंडी थांबलेली म्हातारी. पायाची खवलं बघितली की त्यातलं कोण ते समजतं.

गटारीच्या आठवड्यात खरेदीला जाऊ नका. भाव चढलेले असतात आणि घाईत काहीही गळ्यात मारतात. श्रावण लागला की तोच विकणारा गोड बोलतो.

२. आणल्या आणल्या मिसळू नका.

लोक सगळ्यात आधी भांडणाचा विचार करतात. मी रोगाचा करते. नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळीच राहते, घराच्या दुसऱ्या बाजूला. तिचं भांडं निराळं, आणि दाणा-पाणी आधी जुन्यांचं, मग तिचं. उलट क्रमाने गेलं तर आपल्याच हातांनी आणि चपलांनी रोग खुराड्यात जातो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, अशीच येते. हिरवट हगवण, मान पिरगळलेली, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं.

खानदेशात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला. तिथले मोठमोठे पोल्ट्री फार्म सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण पुढच्याच महिन्यात तो आपल्या जळगाव जिल्ह्यात सापडला, तो मारूळ, सावद्यासारख्या गावांतल्या घरगुती कोंबड्यांत. अशा वेळी कुणाची आजारी, कुणाची धडधाकट हे बघत नाहीत, ठरलेल्या परिसरातल्या सगळ्याच मारतात. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच झालं. दारावर बसलेला कावळा किंवा तलावावर उतरणारा पाहुणा पक्षी आपल्याला अडवता येत नाही, पण बाजारातून आणलेली कोंबडी तरी महिनाभर बाजूला ठेवता येते.

लसीचंही याच मुदतीत उरका. राणीखेतची लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात टाकतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला सुईने देतात. बाजारातल्या कोंबडीला दिलेली असते की नाही, देव जाणे. कुपी उघडून पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तिच्यात मोठ्या कळपाला पुरेल एवढी लस असते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. फक्त कोंबडी निरोगी असताना टोचायची. मलूल दिसली तर थांबा.

३. एकटी आणू नका.

दोन आणा, शक्यतो एकाच घरच्या. मार वाटला जातो आणि रात्री बिलगून बसायला कुणी तरी असतं. अंगाने फार लहान तलंगा मोठ्यांत सोडू नका, तीन-साडेतीन महिन्यांच्या तरी होऊ द्या. त्यांच्या खाण्याकडेही लक्ष हवं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुना भरपूर असतो, वाढत्या तलंगेच्या मूत्रपिंडांना तो झेपत नाही. एकत्र झाल्यावर मी सगळ्यांनाच वाढीचं खाद्य आणि दादरीच्या कण्या घालते, शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटीत. ज्यांना लागतो त्या जाऊन खातात.

४. भांडण दाण्यासाठी नसतं, जागेसाठी असतं.

आमच्याकडे एक तांबडी आहे. तुरा डाव्या डोळ्यावर कललेला, चाल पाटलीणबाईची. दाणा टाकला की ती आधी खात नाही. आधी बाकीच्यांकडे बघते, एखादीला मानेवर टोच देते, मग सावकाश वेचते. तिच्याखाली काळी, काळीखाली दोघी कवड्या. कोण कुणाला टोचू शकतं हे पक्कं ठरलेलं. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून हीच उतरंड १९२२ मध्ये शास्त्रीय निबंधात मांडली, पण कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला ती त्याआधीही ठाऊक असणार.

घरात नवी आली की सगळी उतरंड मोकळी होते. गंमत म्हणजे तांबडी फारसं मारत नाही. तिची जागा पक्की असते. नवीवर तुटून पडते ती सगळ्यात खालची, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याखाली कुणी तरी मिळायची आशा असते. म्हणून नजर ठेवायची ती तिच्यावर.

५. दिसू द्या, भिडू देऊ नका.

महिना झाला की नवीला आठवडाभर अंगणातच जाळीआड ठेवा. आपल्याकडे डालग्याखाली झाकायची रीत आहे, पण दाट विणीच्या डालग्यातून धड दिसत नाही, वाराही लागत नाही. तारेची जाळी बरी. जाळीच्या दोन्ही बाजूंना लागून दाणा टाकायचा, म्हणजे शेजारी शेजारी खायची सवय होते. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या जाळीवर चोची आपटतात, मग कंटाळतात. त्यांचा कंटाळा दिसला की जाळी काढायची.

६. पळायला वाट ठेवा.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या अंगणात हरलेली कोंबडी पळते आणि विषय संपतो. कोपऱ्यात अडकली तर मात्र समोरची थांबत नाही. म्हणून कोपरे बुजवा. कापूस निघाल्यावर पऱ्हाटीला आपल्याकडे काय तोटा? तिच्या दोन-तीन मोळ्या अंगणाच्या मधोमध उभ्या करा, एक जुनी बाज आडवी टाका. नवी मोळीमागे जाऊन दिसेनाशी झाली की पाठलाग करणारी दोन पावलं जाऊन माती उकरायला लागते, जणू त्याचसाठी आली होती. दाण्याची भांडी दोन, पाण्याचीही दोन, आणि एकाजवळ उभं राहून दुसरं दिसणार नाही अशी. तांबडीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही.

७. रक्त दिसलं की उचला.

पाठलाग, टोच, दोन-चार पिसं, यात पडू नका. मध्ये पडून सोडवलं तर ठरत आलेलं पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं. रक्त दिसलं की मात्र लगेच हलवा, कारण लाल दिसलं की सगळ्याच तिथे टोचतात. जखमेला हळद-खोबरेल लावते मी. आणि एकच जण सतत छळत असेल तर नवीला नाही, त्या छळणारीला चार-पाच दिवस बाहेर काढा. परत येते तेव्हा तीच नवी असते. तोरा बराच उतरलेला असतो.

८. रात्री दांड्यावर गुपचूप बसवून द्यायची युक्ती सगळे सांगतात. अंधारात कोंबडीला दिसत नाही, तेव्हा रात्र शांत जाते हे खरं. पण सकाळी तांबडीला मोजता येतं. जाळीचा आठवडा झाला असेल तरच ही युक्ती चालते.

९. वैशाखात मिसळू नका.

पारा चव्वेचाळीसला टेकतो, पत्र्याखाली कोंबड्या चोच उघडून धापा टाकत असतात. त्यात पाठलाग म्हणजे एखादी जागेवर बसायची. दिवाळीनंतर थंडी पडली की करा. नवी काही आठवडे अंडी देणार नाही, जुन्यांचीही कमी होतील. "फसवलं" म्हणत विकणाऱ्याकडे जाऊ नका.

१०. घरात खुडूक असेल तर बाजार कशाला?

अंड्यांवर बसून पंधरा-वीस दिवस झालेल्या खुडूक कोंबडीखाली रात्री एका दिवसाची पिल्लं सरकवली आणि खालची अंडी काढून घेतली, तर बहुधा सकाळी ती आई झालेली असते. मात्र उजाडताच जाऊन बघा, एखादी पिल्लांना टोचतेही. स्वीकारली तर तुमचं काम संपलं. त्यांच्या वाटेला काळी जात नाही, कवड्या जात नाहीत. एकदा तांबडीने पिल्लाकडे मान नुसती लांब केली होती, तर आमची सगळ्यात गरीब कोंबडी पिसं फुलवून तिच्या अंगावर अशी गेली की तांबडी थेट शेजाऱ्यांच्या धाब्यावर.