जे आले, त्यांचा संघ

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. बचावपटूची आठवण मात्र तो चुकला तरच होते. आज अशाच एका बचावपटूची ओळख करून घेऊ. पुढे प्रशिक्षक म्हणून देशोदेशी गेलेल्या या खेळाडूचे नाव ह्यूगो ब्रोस.

ब्रोस यांचा जन्म १० एप्रिल १९५२ रोजी बेल्जियममध्ये झाला. ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबकडून ते १९७० ते १९८३ अशी तेरा वर्षे खेळले. पुढे ते क्लब ब्रुगमध्ये गेले. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात चौथ्या आलेल्या बेल्जियम संघातही ते होते.

खेळणे थांबल्यावर त्यांनी प्रशिक्षण हाती घेतले. क्लब ब्रुगला १९९२ व १९९६ मध्ये आणि अँडरलेख्टला २००४ मध्ये त्यांनी बेल्जियमचे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर ग्रीस, तुर्कस्तान, अल्जीरिया असा प्रवास करीत २०१६ मध्ये ते कॅमेरूनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

खरी परीक्षा येथेच होती. २०१७ च्या आफ्रिका चषकासाठी बोलावलेल्या सात-आठ खेळाडूंनी येण्यास नकार दिला. स्पर्धेला गेल्यास क्लबमधली आपली जागा जाईल, अशी काहींना चिंता होती. लिव्हरपूलचा जोएल मातिप आला नाही, गोलरक्षक आंद्रे ओनानाही आला नाही. ब्रोस यांनी न आलेल्यांची वाट पाहिली नाही. जे आले, त्यांतूनच त्यांनी संघ बांधला. गोलात उभा राहिला ओनानाचाच नात्यातला भाऊ फॅब्रिस ओंडोआ. उपांत्यपूर्व फेरीत सेनेगलविरुद्ध सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा त्याने सादियो माने याचा फटका अडवला.

५ फेब्रुवारी २०१७ रोजी गॅबॉनमधील लिब्रेव्हिल येथे इजिप्तशी अंतिम सामना झाला. मध्यंतराला इजिप्त एका गोलने पुढे होता. ५९ व्या मिनिटाला निकोलस एन्कुलूने बरोबरी साधली आणि ८८ व्या मिनिटाला व्हिन्सेंट अबूबकरने विजयी गोल केला. हे दोघेही बदली खेळाडू होते! कॅमेरूनला हा चषक पंधरा वर्षांनी मिळाला.

यश कायमचे नसते, हेही लक्षात घ्या. कॅमेरून २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला नाही आणि ब्रोस यांना पद सोडावे लागले.

२०२१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक झाले. तेथे त्यांनी देशातल्याच क्लबांत खेळणाऱ्यांवर भर दिला. २०२४ च्या आरंभी झालेल्या आफ्रिका चषकात या संघाने बलाढ्य मोरोक्कोला २-० असे हरवले आणि तिसरा क्रमांक मिळवला. पुढे मात्र एक चूक महागात पडली. दोन पिवळ्या कार्डांमुळे बंदी असलेला खेळाडू लेसोथोविरुद्ध मैदानात उतरवला गेला आणि जिंकलेल्या सामन्याचे तीन गुण सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेण्यात आले. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी रवांडाला ३-० असे नमवून संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

स्नेहसंमेलन असो वा क्रीडास्पर्धा, आपण आधी कोण आले नाही तेच मोजतो. ब्रोस यांनी समोर उभे असलेले मोजले. पालक व शिक्षकांनीही यावर विचार करावा.

स्वाध्याय
१. अंतिम सामन्यातील दोन्ही गोलांतून राखीव खेळाडूंचे कोणते महत्त्व दिसते?
२. नोंद नीट न ठेवल्याने दक्षिण आफ्रिकेचे काय नुकसान झाले?
३. संघात न येण्याचे खेळाडूंचे कारण तुम्हाला पटते का? घरी चर्चा करून पाच ओळी लिहा.