घरघर मोटारीची, खडखड सायकलची

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी माझ्या माउंटन बाइकला पेडलच्या आसाच्या जागी बसणारी 1000 वॅटची मिड-ड्राइव्ह मोटार लावून घेतली. चढावर ती जोरात घरघरते, खडबडीत रस्त्यावर कुठूनतरी खडखड येते आणि जागेवरून निघताना ‘टक्’ असा आवाज होतो. सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरणारे वळून वळून पाहतात. मित्र म्हणतो, मोटार उघडून ग्रीस भर, सगळं शांत होईल. खरंच होईल का? आणि विजेची गाडी तर शांत असते ना, मग ही का नाही? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ग्रीसचा डबा तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही तीन आवाज सांगितले आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. मोटारीच्या आतलं ग्रीस त्यातल्या फार तर एकावर उपयोगी पडेल. उरलेल्या दोन आवाजांसाठी मोटार उघडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी शेवटची शंका घेऊ. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती चाक फिरवते आणि चेनच्या भानगडीत पडत नाही. मिड-ड्राइव्ह मोटार बसते पेडलच्या आसापाशी. तिचं बळ चेनवरून आणि मागच्या गिअरवरून चाकाकडे जातं, म्हणून सायकलचे गिअर तिलाही वापरता येतात आणि चढावर ती हब मोटारीला सहज मागे टाकते. पण यात एक अडचण आहे. आपले पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारतात, तर मोटारीला नीट काम करायला त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरावं लागतं. हा फरक मिटवायला आत दातेरी चाकं असतात. बाफांगच्या बीबीएसएचडी या घरी बसवता येणाऱ्या 1000 वॅटच्या मोटारीत हे प्रमाण 21.9 ला 1 आहे. म्हणजे तुम्ही मिनिटाला 80 फेरे मारत असाल तर आतली मोटार साडेसतराशे फेरे घेत असते, सेकंदाला जवळपास 29. तिच्या आसावरच्या छोट्या चाकाला समजा 15 दाते असतील, तर सेकंदाला साधारण 440 वेळा दाताला दात भिडतो. हार्मोनियमवरची पांढरी सहा वाजवून पाहा, तोच हा सूर. म्हणून वेग वाढला की आवाजाची पट्टी चढते आणि वेग उतरला की ती उतरते.

हा सूर मोटारीतच राहिला असता तर फारसा त्रास नव्हता. पण मोटार घट्ट बसलेली असते ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांवर, आणि तारेच्या झंकाराला तंबोऱ्याचा भोपळा जे करतो तेच त्या नळ्या या आवाजाचं करतात. माउंटन बाइकची खालची नळी जाड असते, त्यामुळे ती तर अधिकच घुमते. तेव्हा थोडी घरघर हा या मोटारीचा स्वभाव आहे. ती कमी करता येते, शून्यावर आणता येत नाही.

आता निदान. सकाळी रहदारी नसताना एखादा सपाट, लांब रस्ता धरा. थोडा वेग घ्या, पेडल थांबवा आणि सायकल नुसती घरंगळू द्या. या वेळी जे ऐकू येईल त्यात मोटारीचा वाटा जवळपास नाही. ते टायर, मागच्या हबची टिकटिक किंवा ब्रेकच्या चकतीचं घासणं असतं. नागपुरात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी. आपल्या सिमेंट रस्त्यांवर पकड यावी म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात. मोठ्या गुठळ्यांचे टायर त्यांवरून गेले की एकसारखा ‘हूंऽ’ असा आवाज निघतो आणि तो हुबेहूब मोटारीसारखा वाटतो. मोटार बंद करूनही तो येत असेल तर दोष टायरच्या नक्षीचा आहे. तुमचं निम्मं फिरणं शहरातच होत असेल तर मधोमध सलग पट्टी आणि कडांना गुठळ्या असलेले टायर घाला, मोठा फरक पडतो.

नंतर त्याच रस्त्यावर मदतीची पातळी शून्य करून नुसत्या पायाने चालवा. आता आलेला आवाज चेनचा, क्रँकचा किंवा पेडलचा. शेवटी मोटार सुरू करा. जे नव्याने ऐकू आलं तेवढंच मोटारीच्या खात्यावर मांडा. अनेकांना इथेच कळतं की ज्या आवाजासाठी आपण मोटारीला बोल लावत होतो, त्यातला बराचसा सायकलचाच होता.

तुमचा ‘टक्’ हा मला यातला सर्वांत गंभीर आवाज वाटतो, कारण तो बहुतेक करून मोटारीच्या ढिल्या बैठकीचा असतो. अशी मोटार सायकलच्या बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, 68 किंवा 73 मिलिमीटर रुंद नळीतून आरपार जाते आणि डाव्या बाजूला एका मोठ्या गोल नटाने धरून ठेवलेली असते. मोटार चेनरिंगला पुढे ढकलते तेव्हा तिचं धड उलट दिशेने, म्हणजे वर, फ्रेमच्या खालच्या नळीकडे उचलू पाहतं. नट थोडाही सैल असला की दर वेळी निघताना ते धड उसळून फ्रेमला भिडतं. हे ऐकत राहिलात तर हळूहळू ब्रॅकेटची नळी आतून खरवडली जाईल, आणि ते नुकसान भरून निघत नाही. पुढचा ब्रेक दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने मोटारीचं धड वर-खाली हलवून पाहा. किंचितही हाललं तर योग्य पान्याने नट आवळून घ्या. मग नट आणि त्यामागची पट्टी दोन्हींवरून पांढऱ्या पेंट-मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी ती रेघ मधोमध तुटलेली दिसली की समजा नट फिरला. पाना हातात न घेता एका नजरेत कळतं. मोटार आणि खालची नळी यांच्यात फट असेल तर जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा कोंबून बसवा. ‘टक्’ निघताना न येता पेडलच्या दर फेऱ्याला एकदा येत असेल, तर मात्र क्रँकचा बोल्ट आधी तपासा.

खडबडीत रस्त्यावरच्या खडखडाटाला दोन जबाबदार असतात. एक, चेन उसळून मागच्या आडव्या नळीवर आपटते. त्या नळीवर ट्यूब उभी कापून गुंडाळा. हा आपल्याकडच्या सायकल दुकानांतला जुना आणि अगदी भरवशाचा इलाज आहे. मागचा डिरेल्युअर क्लचवाला असेल तर चेन ताणलेली राहते आणि अर्धा आवाज तिथेच मरतो. दोन, बॅटरी. तीन-चार किलोची बॅटरी पुष्कळदा पाण्याच्या बाटलीसाठी दिलेल्या दोन बोल्टांवर लटकलेली असते. पट्टीत तिचा खेळ राहिला की प्रत्येक खड्ड्याला ती वाजते. रबराची पट्टी आणि भोवती एक वेल्क्रोचा पट्टा, एवढ्यावर काम भागतं. तयार ई-माउंटन बाइकवाल्यांनी मात्र एक वेगळा खडखडाट ऐकला असेल : उतारावर पेडल थांबवल्यावर मोटारीच्या आतून येणारा. पेडल आणि मोटार यांना वेगळं करणारा आतला क्लच धक्क्यांनी वाजतो तो हा. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सच्या चौथ्या पिढीबद्दल जगभर ही तक्रार होती. तो दोष धोक्याचा नाही, बाहेरून काढताही येत नाही.

राहिली चढावरची घरघर. यावरचा सर्वांत चांगला उपाय फुकट आहे आणि तो तुमच्या उजव्या अंगठ्यात आहे. चढ दिसला की आधीच हलका गिअर टाका आणि पाय मिनिटाला 75-80 फेऱ्यांवर ठेवा. जड गिअरमध्ये पाय रेटत चढलात तर मोटार संथ फिरते, विजेचा प्रवाह जास्त ओढते, दात्यांवर प्रचंड दाब येतो आणि ती कण्हू लागते. वीज उष्णतेत जाते ती वेगळीच. दुसरा उपाय मोटारीच्या सेटिंगमध्ये आहे : प्रवाहाची कमाल मर्यादा उतरवा. 48 व्होल्टला 30 अँपिअर म्हणजे 1440 वॅट. तेच 15 अँपिअरला 720. आवाज लगेच उतरलेला कळेल आणि चेन, कॅसेट दोन्ही जास्त टिकतील. चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चाकावर गेल्यावरच किरकिर येत असेल तर ती फार तिरपी धावते आहे. चेन आतल्या बाजूला आणणारी, आत वळलेली चेनरिंग मिळते, ती लावून घ्या. चेनला तेलाऐवजी मेणाचं वंगण द्या. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत तेलकट चेन दोन दिवसांत काळी होऊन करकरू लागते. मेणावर धूळ चिकटत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीतून आल्यावर चेन आणि डिरेल्युअर ओलसर फडक्याने तिथल्या तिथे पुसा. ती माती वाळली की दगड होते. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मोटारीच्या जवळपासही मारू नका.

एवढं केल्यावरही घरघर पूर्वीपेक्षा वाढलेली वाटली, तरच मोटार उघडायची. दोन वर्षांच्या वापरात दात्यांवरचं ग्रीस बाजूला फेकलं जातं, तेव्हा मित्राचा सल्ला निराधार नाही. पण नायलॉनला चालणारं ग्रीस घ्या, दात्यांवर पातळ थर द्या, घर ठासून भरू नका, आणि जाणत्या हाताकडूनच करवून घ्या.

प्रश्न : मोटारीतलं नायलॉनचं दातेरी चाक काढून धातूचं टाकलं तर कटकट कायमची मिटेल, असं वाचलं. टाकू का?

उत्तर : शांतता हवी असेल तर अजिबात नको. नायलॉन तिथे मुद्दाम वापरतात. तो किंचित दबतो, ठोका पचवतो, आणि फारच ताण आला तर स्वतः झिजून आतली महागडी चाकं वाचवतो. टोंगशेंगच्या टीएसडीझेड2 या मोटारीत निळ्या नायलॉनच्या चाकाऐवजी पितळी चाक टाकणारे बरेच आहेत. चाक टिकतं, पण आवाज ठळकपणे वाढतो.

नायलॉनचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि ती आपल्याकडे मुबलक. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना दुपारी जड गिअरमध्ये लांब चढ मारू नका. मोटारीच्या घरावर हात ठेववत नसेल तर सावलीत थांबा. बॅटरीलाही हाच नियम. उन्हातून आल्या आल्या चार्जरला लावू नका, लिथियमच्या सेलना 45 अंशांपुढे चार्जिंग सोसत नाही. कूलरच्या खोलीत तासभर निवू द्या, मग लावा. उन्हाळ्यात महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी भरून न ठेवता निम्म्यावर ठेवा.

प्रश्न : आवाज बंद झाला की कुणाच्या लक्षात येणार नाही. मग 1000 वॅटच्या सायकलला लायसन्स लागतं की नाही?

उत्तर : आवाजाचा आणि कायद्याचा संबंध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीची तीस मिनिटांची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी असेल, पेडल थांबताच किंवा ताशी 25 किलोमीटरला मदत तुटत असेल आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोंच्या आत असेल, तरच ती सायकल धरली जाते. त्यापलीकडे ते मोटार वाहन : नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. घरी बसवलेल्या 1000 वॅटच्या सायकलला हे मिळवणं व्यवहारात जवळपास अशक्य आहे, आणि अपघात झाला तर पाठीशी विमा नाही. सेटिंगमध्ये मर्यादा उतरवल्याने झीज आणि आवाज कमी होतो, मोटारीचा वर्ग बदलत नाही.

मी हिशेब करून पाहिला. चालक आणि सायकल मिळून 100 किलो, आठ टक्क्यांचा चढ, वेग ताशी 12 किलोमीटर : लागतात साधारण 300 वॅट. धडधाकट माणूस त्यातले शंभर-सव्वाशे स्वतःच्या पायांनी देतो, उरलेले 250 वॅटची मोटार आरामात भरून काढते. नागपूरच्या परिसरात याहून कडक चढ फार थोडे. नवीन घेणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे : तीस मिनिटांची शक्ती 250 वॅटच्या आत असलेली, चांगल्या सेन्सरची मिड-ड्राइव्ह घ्या. ती शांतही असते आणि कायद्यातही बसते.

आणि सायकल शांत झाली की एक जबाबदारी वाढते. फुटाळ्यावर, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सवर पहाटे फिरणाऱ्या आजी-आजोबांची पाठ तुमच्याकडे असते, आणि पंचवीस किलोंची सायकल त्यांना न ऐकू येता मागून येते. गोरेवाड्याच्या बाजूला तर बिबट्यांचा वावर आहे; तिथे अचानक, निःशब्द समोर येणं माणसाला आणि जनावराला दोघांनाही घातक. परवानगीशिवाय जंगलात शिरू नका, वळणावर वेग उतरवा, आणि सायकलला घंटी नसेल तर आजच बसवून घ्या.