शिट्टी न वाजवणारा प्रशिक्षक

खेळाचा प्रशिक्षक म्हटला की डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते : गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर राग आणि चुकणाऱ्याला मैदानाच्या दहा फेऱ्या. मी महाविद्यालयाच्या कबड्डी संघात खेळतो. गेल्या वर्षी स्पर्धेच्या चार दिवस आधी सरावातल्या एका पकडीत माझा गुडघा दुखावला आणि सगळे सामने मी बाकावर बसून पाहिले. दोष कुणाचाच नव्हता. सराव असाच करायचा असतो, असे आम्ही सर्वजण मानत होतो. त्या रिकाम्या दिवसांत जॉन गलार्डी या अमेरिकन प्रशिक्षकाविषयी वाचले आणि आमची ही समजूतच मला खटकू लागली.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला जमिनीवर पाडायचे. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड कवच असूनही या खेळात दुखापती फार होतात.

गलार्डी यांचा जन्म १९२६ साली कोलोरॅडो राज्यातील त्रिनिदाद या खाणींच्या गावी झाला. १९४३ साली त्यांच्या शाळेचे प्रशिक्षक महायुद्धामुळे सैन्यात गेले आणि संघाची जबाबदारी या सोळा वर्षांच्या मुलाकडे आली. खेळाडू म्हणून जे जाचक वाटत होते, ते त्यांनी प्रथम बंद केले. सरावात पाणी पिणे वाईट, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी मुलांना पाणी पिऊ दिले. दमछाक करणाऱ्या निरर्थक कसरतीही थांबवल्या. संघ जिंकू लागला.

१९४९ पासून चार वर्षे मोंटाना राज्यातील कॅरल कॉलेजात काम करून १९५३ साली ते मिनेसोटा राज्यातील सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन संन्याशांच्या छोट्या विद्यापीठात आले आणि २०१२ पर्यंत तेथेच राहिले. १९७३ नंतर ज्या तिसऱ्या श्रेणीत हे विद्यापीठ खेळू लागले, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. खेळणारा प्रथम विद्यार्थीच असतो.

त्यांची पद्धत ‘नकारांची’ म्हणून प्रसिद्ध झाली. सरावात कुणी कुणाला पाडायचे नाही. शिट्टी नाही. वजने उचलण्याची सक्ती नाही. सराव दीड तासाहून लांबवायचा नाही. येईल त्याला संघात घ्यायचे. आणि कुणी ‘कोच’ म्हणायचे नाही, नुसते ‘जॉन’ म्हणायचे. ‘सर’ म्हटल्याशिवाय आपले तोंड उघडत नाही. तेव्हा हा शेवटचा नियम वाचून मी थबकलोच.

मग शिस्तीचे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर आकड्यांत आहे. महाविद्यालयीन सामन्यांत त्यांचे ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी. म्हणजे चारांतले तीन सामने जिंकले. १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. २००३ मध्येच ४०९ वा विजय मिळवून त्यांनी एडी रॉबिन्सन यांचा विक्रम मागे टाकला. २०१८ साली ते वारले.

नुसत्या नकारांनी सामने जिंकता येतात, असे मला म्हणायचे नाही. प्रत्येक चाल अचूक होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करून घेत. शिस्त होतीच, फक्त ती अंग मोडून घेण्यात नव्हती, लक्ष देण्यात होती. पाडण्याचा सराव न करताही सामन्यात पाडता येते, हे त्यांच्या खेळाडूंनी दाखवून दिले. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे पुढे संशोधनाने दाखवले. २०१६ साली आयव्ही लीगच्या आठ नामांकित विद्यापीठांनीही हंगामातील सरावात खेळाडूला पाडणे बंद केले. छोट्या विद्यापीठातला माणूस त्यांच्या कितीतरी वर्षे पुढे होता.

कबड्डीत पकड शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हे मी जाणतो. पण स्पर्धेच्या चार दिवस आधी पूर्ण जोराने एकमेकांना लोळवण्याची गरज होती का? ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ याखेरीज माझ्याजवळ तिचे उत्तर नाही. सोळा वर्षांच्या जॉनने हे उत्तर पुरेसे मानले नाही. यंदा सराव सुरू होईल तेव्हा हा प्रश्न मी आमच्या सरांना विचारणार आहे; नम्रपणे, पण विचारणार आहे.